लेखनगुण

लेखनगुण : लेखकाला अभिप्रेत असलेला आशय वाचकापर्यंत यथार्थपणे व परिणामकारक रीतीने पोहोचविणारे लिखाणाचे विशेष. व्याकरण, शुद्धलेखन व सुवाच्यता ही लेखनाची बाह्य अंगे होत. त्यांच्या अभावी लेखन सदोष ठरते. परंतु केवळ त्यांच्या बळावर ते चांगले ठरत नाही.

संस्कृत साहित्यशास्त्रात भरत व दंडी यांनी दहा गुण मानले. वामनाने शब्दाचे दहा व अर्थाचे दहा अशी त्यांची विभागणी केली. पुढे मम्मटाने (अकरावे शतक) माधुर्य, ओज व प्रसाद हे तीनच गुण पुरेसे ठरविले. यांपैकी माधुर्य व ओज विशिष्ट रसांशी निगडित आहेत. वाळलेल्या सर्पणात अग्नी पसरावा तसा अर्थ मनात तत्काळ पसरविणारा प्रसाद मात्र सर्वच रसांना आवश्यक मानला आहे.

मराठीत या विषयाचा जुना विचार रामदासांच्या दासबोधात आढळतो. चौदाव्या दशकात त्यांनी कवित्वाचे धीट, पाठ व प्रासादिक असे प्रकार सांगितले असून पाठांतराच्या जोरावर केलेली उसनी रचना कमी प्रतीची मानली आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर अक्षराचे वळण, ओळींतील अंतर, समास सोडणे अशा लेखनक्रियेच्या तपशिलांनाच वाहिलेला आहे. वाचणाऱ्याची सोय हे त्यामागील सूत्र. हे रामदासी वाङ्मय जमविण्याचे मोठे कार्य शंकर श्रीकृष्ण देव यांनी धुळ्यात केले. तेथील समर्थ वाग्देवता मंदिरात त्याची हस्तलिखिते जतन केलेली आहेत.

या गुणांची पारख करण्यास खानदेशातील लेखन विशेष उपयुक्त आहे. कारण तेथील काही महत्त्वाच्या कृती आधी बोलल्या गेल्या व मग लिहिल्या गेल्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. सहबंदी असलेल्या साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता उतरवून घेतली आणि त्यातून गीता प्रवचने हा ग्रंथ सिद्ध झाला. विषय गहन, श्रोत्यांत विद्वान थोडे, साधे कार्यकर्ते अधिक. त्यामुळे वाक्ये आखूड झाली आणि प्रत्येक तात्त्विक पदाला व्यवहारातील दाखला मिळाला. बाह्य कर्माला मनाची जोड हवी, हे तेथे तेल, वात व ज्योत यांवरून कळते. प्रसादगुणाचे याहून चांगले उदाहरण आधुनिक मराठी गद्यात क्वचितच सापडेल. याउलट, धुळ्यातच अखेरचा काळ घालविलेले वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांच्या प्रस्तावनांत ओज भरपूर आहे, प्रसाद मात्र कमीजास्त. एखाद्या व्युत्पत्तीच्या मागे ते धावू लागले, की वाचक मागे राहतो.

शुद्धता हा लेखनाचा पहिला गुण मानावा काय, हा वादाचा प्रश्न बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या रचनेने तीव्रपणे पुढे आणला. जळगावजवळील असोदे हे त्यांचे जन्मगाव. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर व शेतात काम करताना त्यांनी म्हटलेल्या ओव्या पुत्र सोपानदेव व एका आप्ताने टिपून ठेवल्या. त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये बहिणाबाईंची गाणी हा संग्रह आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. त्यातील बोली प्रमाण मराठीच्या नियमांत बसत नाही. जळगावबाहेरच्या वाचकाला चार शब्दांचे अर्थ विचारावे लागतात. तरीही अर्थ कोठे अडत नाही. ज्या वस्तूने आपले काम केले नाही ती आपल्या नावास पात्र नाही, एवढ्याच कल्पनेवर त्यांची एक रचना उभी आहे, आणि तिच्यातील दाखले घरचे व शिवारातलेच आहेत. नेमकेपणा येथे प्रत्यक्ष हाताळलेल्या वस्तूंच्या परिचयातून आला आहे. कोशातून तो आला नसता.

यावरून बोली हाच गुण असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला, तो बरोबर नाही. नंतरच्या कित्येक ग्रामीण कथांत बोलीचा वापर केवळ रंग भरण्यासाठी झाला असून तो अलंकारांच्या सोसाइतकाच कृत्रिम वाटतो. यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांच्या कोसला (१९६३) या कादंबरीतील निवेदनही वरवर अघळपघळ दिसते. पण तो अघळपघळपणा पांडुरंग सांगवीकर या निवेदकाचा आहे, लेखकाचा नव्हे. त्याच्या तोंडी प्रमाण ग्रांथिक भाषा घातली असती, तर वाक्ये निर्दोष झाली असती व माणूस हरवला असता.