थेंब अरबी समुद्राचा की बंगालच्या उपसागराचा?

मुरबाड तालुक्याच्या पूर्वेला माळशेज घाट आहे. घाटमाथ्याच्या अलीकडे पडलेले पावसाचे पाणी काळू आणि उल्हास नद्यांतून अरबी समुद्रात जाते. जुन्नरच्या बाजूचे पाणी कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असे करत बंगालच्या उपसागराला मिळते. एखादा थेंब नेमका धारेवर पडला तर?

न्यूटनच्या नियमांचे उत्तर सोपे आहे. थेंबाची जागा आणि वेग अचूक सांगा, पुढचे गणिताने काढता येईल. पण ‘अचूक’ म्हणजे दशांश चिन्हापुढे न संपणारे अंक. ते कोणत्याच उपकरणाला मोजता येत नाहीत. मग अशा मूल्याला भौतिक अर्थ तरी आहे का, हा प्रश्न मॅक्स बॉर्न यांनी १९५५ मध्ये उपस्थित केला. जिनिव्हाचे निकोलस जिझां यांच्या मते तर ते अंक निसर्गातही आधीपासून ठरलेले नसतात. ‘स्थिती ठरलेलीच असते, अपुरे असते ते मोजमाप’, हा रूढ विचार. वाद मिटलेला नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच. १९६१ मध्ये एडवर्ड लोरेन्झ यांनी संगणकाला ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा दिला आणि गणितातले पुढचे हवामान पार बदलले. म्हणून आज किंचित वेगवेगळ्या सुरुवाती घेऊन तेच गणित अनेकदा केले जाते. बहुतेक उत्तरांत पाऊस आला, तर शक्यता मोठी.

त्यामुळे अंदाजातली ‘शक्यता’ ही पळवाट नव्हे. शहापूर-मुरबाडमध्ये भातलावणीचा दिवस ठरवताना दहा दिवसांपूर्वीच्या अंदाजापेक्षा आदल्या दिवशीचा अंदाज पाहणे शहाणपणाचे.