सत्त्याऐंशीचा पाढा

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मोर्शीच्या आमच्या घरी मधल्या खोलीत भिंतीलगत बारा फुटी फळी आहे आणि तिच्यावर माझी छोटी आगगाडी धावते. त्या दिवशी संत्र्याचे बागाईतदार असलेले एक शेजारी चहाला आले होते. फळीवर रुळाच्या कडेनं मी मोठ्या हौसेनं संत्र्याची बाग लावली होती. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या बारीक काड्यांची झाडं, त्यांवर हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा, आणि भुशावर केशरी रंगात बुडवलेले मोहरीचे दाणे. शेजाऱ्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, हे संत्रं होय का टरबूज जी?"

मी जरा दुखावलोच. पण ते गेल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माझी गाडी खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. म्हणजे फळीवरची वस्तू खरी केवढी, हे पाहायचं तर तिला सत्त्याऐंशीनं गुणायचं. मोहरीचा दाणा दोन मिलिमीटरचा धरला तर सतरा सेंटिमीटर! टरबूज नसेल, पण पपनस नक्कीच. सात सेंटिमीटरचं संत्रं दाखवायला मिलिमीटरहूनही थोडा लहान दाणा हवा. स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, "मग खसखस घ्या ना. फक्त चमचाभरच घ्या, महाग आहे ती!"

आता माझ्या बागेत खसखशीची संत्री आहेत. जन्मभर बँकेत आकडेमोड केली आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या, तरी संत्र्याचं माप मला एका शेतकऱ्यानं आणि एका गृहिणीनं शिकवलं. या छंदाचं मर्म मला त्यातच दिसतं. तो एकट्यानं करायचा म्हटला तरी एकट्याला येत नाही.

आमची शकुंतला

माझ्या लहानपणी मोर्शीला आगगाडी नव्हती. नरखेड-अमरावती मार्गावर आमच्या गावाचं स्टेशन झालं ते या शतकात. त्यामुळे आम्हा पोरांना गाडी बघायची तर अचलपूर गाठावं लागे. तिथे शकुंतला उभी असायची. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर असा तिचा अरुंद रुळांचा संसार. रुळांमधलं अंतर अवघं ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. वऱ्हाडातला कापूस मुंबईकडे आणि तिथून बोटीनं इंग्लंडच्या गिरण्यांकडे जावा म्हणून इंग्रजी कंपनीनं हा मार्ग टाकला. गंमत अशी की, ज्या मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, त्याच मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन ही गाडी सत्तरहून अधिक वर्षं ओढत राहिलं. १५ एप्रिल १९९४ रोजी ते थांबलं आणि डिझेलचं इंजिन आलं. आता काही वर्षं गाडीच धावत नाही.

ती गाडी घरात आणायची, हे माझ्या मनानं केव्हाच घेतलं होतं. पण आणायची कशी? मूर्तिजापूर ते अचलपूर हा ७६ किलोमीटरचा पल्ला. सत्त्याऐंशीनं भागला तरी ८७४ मीटर होतो! माझी फळी बारा फुटांची. तेव्हा पहिला धडा हा की, सगळं आणायचं नसतं. एक स्टेशन, एक नाला, एक बाग आणि एक फाटक, एवढ्यावर भागवायचं. कादंबरीतही काय गाळायचं हे कळलं की निम्मं काम होतं.

एक कंजूषपणा

इथे एक कबुली द्यायला हवी. १९९६च्या सुमाराला मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. घरी पलंगाएवढ्या फळीवर एक साधं वर्तुळ मांडलं होतं. शाखेतला एक तरुण सहकारी ते पाहून वेडा झाला. त्यानंही रूळ आणले. पण वळणावर जिथे दोन रूळ जुळत, तिथे त्याचा डबा दर फेरीला उतरायचा. "साहेब, तुमचं वळण इतकं गुळगुळीत कसं हो?" त्यानं दोनतीनदा विचारलं. मी हसून म्हणालो, "सरावानं येतं." खरं तर ती सरावाची बाब नव्हतीच. ती एक साधी युक्ती होती, पण मला ती माझ्यापाशीच ठेवायची होती. सहा महिन्यांनी त्यानं सगळं सामान भाच्याला देऊन टाकलं.

पुढे बदलीनं पुण्याला गेलो. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं होतं. एका माणसाच्या आयुष्यभराच्या छंदातून झालेलं ते छोटंसं शहर. सिग्नल, दिव्यांचे खांब, कुंपणं, उड्डाणपूल आणि त्यांतून वाट काढणाऱ्या गाड्या. एका रविवारी ते पाहून बाहेर पडलो, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांशी बोलणं निघालं. मी शकुंतलेचं दुखणं सांगितलं, बाजारात अडीच फुटी मार्गाचं काही मिळत नाही म्हणून. त्यांनी तिकिटाच्या पाठीवर भागाकार मांडला. ७६२ भागिले ८७, म्हणजे ८.७६. "अहो, याहून लहान मापाच्या, एन नावाच्या गाड्या मिळतात. त्यांचे रूळ नऊ मिलिमीटरचे. चाकं आणि मोटार त्यांची घ्या आणि वरचं अंग सत्त्याऐंशीच्या मापानं स्वतः बांधा. झाली तुमची शकुंतला!"

जगभरचे अरुंद मार्गाचे हौशी हेच करतात, हे मला नंतर कळलं. आपल्या रुंद मार्गाचं मात्र नेमकं उलट आहे. १६७६ मिलिमीटरला सत्त्याऐंशीनं भागलं तर १९.२६ येतात आणि तयार मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५च्या मार्गासाठी केलेला. राजधानीच्या नमुन्याला तडजोड करावी लागते आणि आमची गरीब शकुंतला जवळजवळ अचूक बसते!

त्या गृहस्थांनी माझं नावही विचारलं नव्हतं. कित्येक वर्षं अडलेली वाट त्यांनी दहा मिनिटांत मोकळी करून दिली. घरी परतताना मला तो तरुण सहकारी आठवला, आणि मान खाली गेली.

तेव्हा ती युक्ती आज इथे सांगून टाकतो. वाकवता येणारे दोन लांब रूळ वळणावर जोडायचे असतील, तर आधी वाकवू नका. ते सरळ असतानाच एकमेकांना जोडा, जोडावर डाख द्या, थंड होऊ द्या आणि मग दोन्ही मिळून एकदम वाकवा. जोडावर टोक येत नाही आणि डबा उतरत नाही. बस्स, एवढंच होतं!

चुकांची वही

पुण्याहून आल्यावर मी एक वही घातली. बँकेतल्या खतावणीसारखी दोन रकान्यांची. डावीकडे 'काय केलं', उजवीकडे 'काय झालं'. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती उघडी. त्यातल्या काही नोंदी वाचकांच्या उपयोगी पडाव्यात.

जानेवारीत रूळ एकमेकांना घट्ट भिडवून ठोकले. मोर्शीच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे गेला आणि रूळ सापासारखा वळला. बारा फुटांच्या रुळाची लांबी एवढ्या उन्हानं दोनेक मिलिमीटर वाढते. तेव्हा मधूनमधून जाड पोस्टकार्ड जाईल एवढी फट हवी. पण फट ठेवली की वीज अडते. म्हणून प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार डाखावी. नुसत्या जोडपट्टीच्या भरवशावर राहिलो, तर सहा महिन्यांत गाडी जागोजाग थबकू लागते.

रूळ काळे पडले म्हणून पॉलिश पेपरनं घासले. आठवडाभर चकाकले, मग पूर्वीपेक्षा लवकर काळे झाले, कारण बारीक चऱ्यांत घाण साठते. आता वीज बंद करून, मऊ सुती चिंधीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब घेऊन पुसतो.

तिसरी नोंद शेजारच्या सातवीतल्या मुलीच्या अक्षरात आहे. गाडी फिरून त्याच मार्गावर परत यावी म्हणून मी टोकाला एक फास घातला. बटण दाबलं की वीजच जाई. मी मोटार खोलली, तारा बदलल्या. त्या पोरीनं एका रुळावर बोट ठेवलं आणि ते फासातून फिरवत आणलं. "आजोबा, हा डावा रूळ फिरून उजव्याला जाऊन मिळतो की!" डावा धन, उजवा ऋण. भेटले की शॉर्ट. उपाय असा की फासाच्या दोन्ही तोंडांशी दोन्ही रूळ कापायचे आणि तेवढ्या भागाला धन-ऋण उलटवणारं वेगळं बटण द्यायचं.

या सांगण्या-विचारण्याला मोठा इतिहास आहे. एका कारखान्याची चाकं दुसऱ्याच्या रुळावर चालेनात, म्हणून अमेरिकेतल्या हौशींनी १९३५ साली मिलवॉकी इथे राष्ट्रीय संघटना काढली आणि सर्वांसाठी समान मापं ठरवली. एमआयटी या विख्यात तंत्रसंस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांचं छोट्या रेल्वेचं मंडळ सुरू झालं. फळीखालच्या तारांत गुंतलेली तिथली काही मुलं पुढे संगणकाकडे वळली. 'हॅकर' हा आज बदनाम झालेला शब्द तिथे कौतुकाचा होता. युक्ती काढणारा आणि ती दुसऱ्यांना देणारा, असा.

दहा सेकंद

वहीतली शेवटची नोंद या उन्हाळ्यातली. एका ओळखीच्यांनी अचलपूरकडच्या एका वृद्ध गृहस्थांना घरी आणलं. उमेदीची वर्षं त्यांनी त्या मार्गावर काढलेली. नजर अधू, पण कान तल्लख. मी ऐटीत गाडी सोडली. ती फळीच्या या टोकाहून त्या टोकाला दहा सेकंदांत गेली. ते काहीच बोलले नाहीत. पुन्हा सोडली. मग म्हणाले, "बापू, गाडी मस्त हाय. पण आमची शकुंतला येवढी पयत नोयती जी."

पुन्हा कागद-पेन्सिल. बारा फूट, दहा सेकंद, गुणिले सत्त्याऐंशी. ताशी एकशे पंधराच्या आसपास वेग भरला! इतकी वर्षं मी डब्याचे खिळे मोजत होतो, संत्र्याचं माप जुळवत होतो आणि शकुंतलेला राजधानीसारखी पळवत होतो. हे कुठल्याही छायाचित्रात दिसलं नसतं. ज्याचा जन्म त्या डब्यात गेला, त्यालाच ते ठाऊक. अशी माणसं आता थोडी उरली आहेत आणि विचारायला आपण नेहमी पुढचा महिना धरतो.

फळीवर खडूनं एक मीटर अंतरावर दोन खुणा केल्या. ताशी तीसच्या वेगाला त्या अंतरासाठी दहा सेकंद लागायला हवेत. मी बटण हळूहळू मागे घेत गेलो, मुलगी मोठ्यानं आकडे मोजू लागली. आठ झाले, नऊ झाले, मग दहा. आजोबा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते.

"हां," ते म्हणाले, "आता आली."

उजव्या रकान्यात मुलीनं लिहिलं : 'मीटरला दहा सेकंद.' आणि खाली, मी न सांगता, 'आजोबांनी सांगितलं.'