एफसीचं गणगोत

महिंद्राच्या जुन्या एफसी पिकअपसाठी सुटे भाग शोधायला निघालेल्याने दुकानात गाडीचं नाव आधी सांगू नये. ‘एफसी-१५०’ म्हटलं, की काउंटरवरचा माणूस मान हलवतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. ‘जुन्या पेट्रोल जीपची क्लच प्लेट आहे का?’ असं विचारलं, तर तोच माणूस मागच्या फळीवरून खोका काढून पुढ्यात ठेवतो. त्या खोक्यातली प्लेट एफसीला बसते.

हे असं का, ते गाडीच्या जन्मातच आहे. विलीज कंपनीने १९५६ च्या अखेरीस अमेरिकेत एफसी आणली. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. तिची आखणी ब्रुक्स स्टीव्हन्स यांची. कल्पना चतुर होती: सीजे-५ जीपचा ८१ इंची व्हीलबेस तसाच ठेवायचा, बॉनेट काढून टाकायचं, चालकाला पुढे सरकवून इंजिनाच्या शेजारी बसवायचं आणि वाचलेल्या लांबीत सहा फुटांहून थोडा मोठा हौदा बसवायचा. सगळी गाडी सव्वाबारा फुटांत. सुरुवातीची चाकं फारच जवळजवळ होती, उंच केबिनखाली ती चमत्कारिक दिसत. १९५८ मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्सल रुंद केले. तरी तिथे ती फारशी खपली नाही आणि १९६५ मध्ये बंद झाली. महिंद्राने मात्र ती पुढे बरीच वर्षे बनवली. एफसी-१५० नंतर लांब व्हीलबेसची एफसी-१६० आणि डिझेलवरची एफसी-२६० आली. त्यांच्यावर पिकअप, रुग्णवाहिका, शाळेच्या मिनीबस, पोलिसांच्या गाड्या असं काय काय उभं राहिलं. इंजिन केबिनच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. वैशाखात चंद्रपूरच्या बाजूला ती चालवणाऱ्याला डिझायनरच्या चतुराईचं कौतुक किती वाटलं असेल, ही शंका आहेच.

तर पत्र्याखालची एफसी म्हणजे जीपच. ‘हरिकेन’ नावाचं १३४ घनइंची, म्हणजे सुमारे २.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. हेच इंजिन महिंद्राच्या सीजे-३बी जीपमध्ये होतं, आणि ती जीप आपल्याकडे सैन्यापासून तहसील कचेरीपर्यंत सगळीकडे पोचली. त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट आजही मिळतात. पिस्टन मूळ मापाहून दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग) मोठा घ्यायचा आणि ब्लॉक तितका बोअर करून घ्यायचा, ही पद्धत कोणत्याही लेथवाल्याला ठाऊक. टी-९० गिअरबॉक्स, स्पायसर-१८ ट्रान्स्फर केस, मागचा डाना-४४ अ‍ॅक्सल, सगळं जीपच्या घरातलं. चाकाच्या बेअरिंगला तर गाडी सांगायचीही गरज नाही. कोनवर १८५९० आणि कपवर १८५२० हा आकडा कोरलेला असतो, तो वाचून दाखवला की पुरे. कार्ब्युरेटर अमेरिकेत कार्टरचा होता, आपल्याकडच्या जीपवर बहुधा सोलेक्स दिसतो. तो चालतोही बरा, फक्त शुद्धतेच्या आग्रही मंडळींनी त्यावर नाक मुरडू नये.

बोल्ट इंचाचे. गॅरेजातली नवी पोरं दहा-बाराचे मिलिमीटर पाने घेऊन येतात आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतात. वयस्क मिस्त्री अजून सुतात बोलतो, इंचाला आठ सूत. ‘तीन सुती बोल्ट बारीक आट्याचा’ असं त्याने सांगितलं की हार्डवेअरवाल्याला नेमकं कळतं. असा मिस्त्री हाताशी असेल तर गाडीच्या खालच्या अंगाची काळजी संपली.

खरं दुखणं वरचं आहे. केबिन फक्त एफसीची. तिला कोणी सोयरा नाही. समोरची रुंद काच, तिच्याभोवतीचं रबर, दाराची हँडलं, दिव्यांच्या कडा, इंजिनावरचं झाकण हे कुठल्याच जीपवर नव्हतं, म्हणून कोणी परत बनवलंही नाही. सपाट लॅमिनेटेड काच बसच्या काचा कापणारा कापून देतो. वळण असलेल्या काचेला साचा लागतो, आणि एका गाडीसाठी साचा कोण करणार? टफन केलेली दुसरी काच छाटून बसवू म्हणावं तर छाटताक्षणी तिचा चुरा होतो. अमेरिकेतून मागवायचं तर तिथल्या गाड्या डाव्या हाताच्या: स्टिअरिंगचे दांडे, पॅडल, डॅशबोर्ड उलट्या बाजूला.

म्हणून पायपीट. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी. मुंबईच्या चोर बाजारात एखादी हेडलाइटची रिंग सापडते, पण तिची किंमत आता भंगाराची नाही, पुराणवस्तूची असते. हरियाणातली मंडी डबवाली जुन्या जीप नव्याने उभारण्यासाठी प्रसिद्ध. तिथून जीपचं काहीही आणता येईल, एफसीची केबिन मात्र क्वचितच. या सगळ्यांपेक्षा जास्त भरवशाचा मार्ग म्हणजे दुसरी मेलेली एफसी शोधणं. साखर कारखान्याच्या आवारात, एखाद्या जुन्या संस्थेच्या मागच्या अंगणात, कोंबड्यांच्या खुराड्याखाली ती असते. तिचा तळ सडलेला असला तरी दरवाजे आणि काच शाबूत असू शकतात. अशी गाडी पूर्ण विकत घ्यावी, नुसती काच मागू नये. काच काढताना फुटली तर भांडण ठरलेलं.

एवढ्या थोड्या का उरल्या? मोटारी उरतात, कारण कोणीतरी त्या लग्नात मिरवलेल्या असतात. पिकअपने विटा वाहिल्या. हौदा सडला की फाळका तोडून लोखंडी पट्ट्या मारल्या, पेट्रोल महागलं तेव्हा हरिकेन काढून ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल इंजिन बसवलं, आणि शेवटी किलोवर विकलं. त्यातही अनेक एफसी कारखान्यातून नुसत्या चासीवर निघाल्या आणि बॉडी गावोगावच्या कारागिरांनी बांधली. मूळ हौदा कसा होता याचा निवाडा अशा वेळी कॅटलॉग करत नाही. मला विचाराल तर नागपूरच्या सुताराने सागवानी फळ्या मारलेला हौदाही त्या गाडीपुरता मूळच. तो उखडून अमेरिकन फोटोतल्यासारखा पत्र्याचा करणं हा उलट खोटेपणा.

उरतो कागद. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांसाठी सोय झाली: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल नसलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण व्याख्येत नाव आहे ते दुचाकींचं आणि एम-१ वर्गाच्या, म्हणजे प्रवासी चारचाकींचं. मालवाहू पिकअप त्यात येत नाही. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असल्याने तिला परवान्यातून सूट आहे, मात्र मालवाहू म्हणून फिटनेसची तपासणी चुकत नाही. त्यातून आरसी बुकात पेट्रोल आणि झाकणाखाली डिझेल निघालं, तर आधी इंजिन बदलाची नोंद करून घ्यावी लागते. हरिकेन इंजिन परत बसवायचं असेल, तर ती नोंद पुन्हा उलट फिरवावी लागते. काच शोधण्याआधी आरसी बुक आणि चासीवरचा नंबर जुळतो का, हे बघावं. गंज घासून नंबर वाचायला अर्धा दिवस जातो, आणि तो जुळला नाही तर पुढची सगळी यादी फाडून टाकता येते.