सहरीत जर्दी टाकू नका

रमजानच्या महिन्यात मोहल्ल्यातल्या स्वयंपाकघरांत पहाटे चारच्या सुमारास दिवे लागतात. ही सहरीची वेळ. सहरी म्हणजे रोजा सुरू होण्यापूर्वीचे जेवण, एका अर्थाने रोजेदाराची न्याहारीच. एरवी न्याहारीनंतर चार-पाच तासांत जेवणाचे ताट समोर येते. रोजात मात्र पुढचा घासच काय, पाण्याचा घोटसुद्धा मगरिबच्या अजाननंतर, म्हणजे सुमारे तेरा तासांनी मिळतो. सहरीत बरकत आहे, ती चुकवू नये, अशी पैगंबरसाहेबांची शिकवण आहे. तरीही अनेक घरांत ती चहा-पाव, खारी किंवा दूध-फेणीवर उरकली जाते. मैद्याचे आणि साखरेचे हे पदार्थ लवकर पचतात. मग जोहरच्या नमाजपर्यंतच पोटात खड्डा पडतो आणि डोके जड होते.

यावर सोपा उपाय म्हणजे सहरीत दोन अंडी, आणि तीही पूर्ण. ‘पूर्ण’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. अंड्याच्या पिवळ्या बलकाला उर्दूत जर्दी म्हणतात आणि पांढऱ्याला सफेदी. व्यायामशाळेत जाणारी मुले प्रथिनांसाठी फक्त सफेदी खातात. घरातली वडीलधारी मंडळी कोलेस्टेरॉलच्या धास्तीने जर्दी बाजूला काढतात. कारणे वेगळी असली, तरी दोघेही अंड्याचा अधिक मोलाचा भाग टाकून देतात.

पन्नास ग्रॅमच्या एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने, ५ ग्रॅम स्निग्धांश आणि ७० ते ७५ कॅलरी असतात. या प्रथिनांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जर्दीत असतात, हे सफेदी खाणाऱ्या मुलांना ठाऊक नसते. अ, ड आणि ई ही जीवनसत्त्वे तर जर्दीतच असतात, बी-१२ सुद्धा बहुतांश तिच्यातच. डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी पडणारी ल्युटिन आणि झियाझँथिन ही द्रव्येही तिथेच. मेंदू आणि मज्जासंस्थेला लागणारे कोलीन हे द्रव्य एका अंड्यातून दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास मिळते, आणि तेही जवळजवळ सगळे जर्दीतून.

आता हिशेब पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. साठ किलोच्या माणसाला ती सुमारे ५० ग्रॅम होतात. दोन अंड्यांतून त्यातली जवळजवळ पाव गरज सहरीतच भागते. प्रथिने आणि स्निग्धांश पोटातून सावकाश पुढे सरकतात, त्यामुळे रक्तातली साखर झपकन चढून झपकन उतरत नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन जास्त असलेल्या ३० महिलांना एकदा अंड्यांची आणि एकदा तेवढ्याच कॅलरींच्या पावाची न्याहारी दिली होती. अंडी खाल्ली त्या दिवशी त्यांना दुपारी भूक कमी लागली आणि त्यांनी जेवणही कमी घेतले. अर्थात कोणताही पदार्थ तेरा तास पोट भरलेले ठेवू शकत नाही. पण भूक लागणे आणि गळून जाणे यांत फरक असतो.

मग जर्दीची भीती आली कुठून? अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६८ मध्ये आठवड्याला तीनपेक्षा जास्त जर्दी खाऊ नये, असा सल्ला दिला होता. एका अंड्यात १८५ मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असते, म्हणून ही सावधगिरी. पुढच्या संशोधनातून कळले, की शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल आपले यकृतच तयार करते, आणि बहुसंख्य लोकांच्या रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल अंड्यापेक्षा वनस्पती तूप, तळण आणि संपृक्त चरबी यांनी अधिक वाढते. अमेरिकेच्या २०१५च्या आहार मार्गदर्शिकेतून रोजच्या ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा वगळली गेली. निरोगी माणसाला रोज एक पूर्ण अंडे चालते, असे आता अमेरिकन हार्ट असोसिएशनही मानते. ज्यांच्या आहारात मांस आणि तळण कमी आहे, त्यांना महिनाभर दोन अंड्यांनी सहसा अपाय होत नाही. मात्र मधुमेह, हृदयविकार किंवा आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा त्रास असलेल्यांनी अंड्यांची संख्या आपल्या डॉक्टरांनाच विचारावी. रोजा ठेवण्याबाबतही त्यांचा सल्ला घ्यावा. आजारी माणसाला आणि गर्भवतीला शरियतने सवलत दिलेली आहे.

अंडे करायचे कसे, हेही महत्त्वाचे. उकडलेले सर्वात उत्तम. दख्खनी घरांतला कांदा-टोमॅटोचा खागिना किंवा आपली भुर्जीही चांगली, पण तेल चमचाभरच असावे. वनस्पती तुपात डुंबलेले ऑम्लेट आणि सोबत दोन तेलकट पराठे खाऊन कोलेस्टेरॉल वाढले, तर त्याचे खापर अंड्यावर फोडू नये. दुधात कच्चे अंडे फेटून पिण्याची काही पैलवानांची सवय सोडावी. शिजवलेल्या अंड्यातले ९० टक्के प्रथिन अंगी लागते, कच्च्यातले जेमतेम निम्मे, शिवाय जंतुसंसर्गाचा धोका वेगळाच. अंड्यात तंतुमय पदार्थ आणि क जीवनसत्त्व नसते, म्हणून जोडीला ज्वारीची भाकरी, काकडी किंवा एखादे फळ हवे. मीठ आणि लोणचे बेताने घ्यावे, नाहीतर दिवसभर तहान छळते.

जे अंडी खात नाहीत त्यांनी डाळ-भाकरी, दही, शेंगदाणे, मोड आलेली मटकी यांतून प्रथिने मिळवावीत. मुद्दा अंड्याचा जितका आहे, तितकाच पहाटेच्या ताटात प्रथिने असण्याचा आहे.

एक गोष्ट मात्र आकड्यांच्या पलीकडची आहे. सहरीसाठी घरात सर्वात आधी उठते ती आई, बहू किंवा मुलगी. सगळ्यांना वाढून होईपर्यंत वेळ संपत येते आणि ती पाव चहात बुडवून रोजाची नियत करते. इतरांच्या ताटात अंडी, तिच्या ताटात पाव. सर्वात कमी झोप घेतलेली, दिवसभर घर सांभाळून संध्याकाळी इफ्तारीसाठी पुन्हा चुलीपुढे उभी राहणारी तीच असते. अंडी रात्रीच उकडून ठेवली, तर पहाटेची धावपळ वाचते आणि तिलाही सर्वांसोबत बसता येते.

रमजानमध्ये गरजू घरांना राशन किट देण्याची चांगली पद्धत आपल्या शहरांत रुजली आहे. त्यात पीठ, साखर, तेल, खजूर असतात. अंडी क्वचितच. अंड्यांच्या एका ट्रेत तीस अंडी येतात आणि रमजानचा महिना एकोणतीस किंवा तीस दिवसांचा. म्हणजे एक ट्रे ही एका माणसाची महिनाभराची, सहरीला रोज एका अंड्याची सोय झाली. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले होते, पण जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. ज्या मुलांचे ते अंडे गेले, त्यांतली कितीतरी मुले आपल्याच गल्लीत राहतात, आणि ती सगळी एका धर्माची नाहीत. किट बांधताना एखादा ट्रे त्यांच्याही दारी पोहोचला, तर बरकत तिथेही उतरेल.