ख्रिस्ती वारसा कायदा : कन्या व विधवा यांच्या हक्कांचे रक्षण

गणना ग्रंथाच्या २७ व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच कन्या मोशेपुढे येऊन उभ्या राहतात. पिता रानात मरण पावला. त्यास पुत्र नव्हता. एवढ्याच कारणाने त्याचे नाव व वतन कुळातून का नाहीसे व्हावे, असा त्यांचा प्रश्न आहे. मोशे तो परमेश्वरापुढे नेतो व निर्णय कन्यांच्या बाजूने होतो. हा उतारा आपण शिकवतो; परंतु आपल्याच मंडळीतील एखाद्या घरी अंत्यविधीनंतर वतनाची गोष्ट निघाली, की तो वकिलांचा विषय म्हणून आपण मौन धरतो. वास्तविक ख्रिस्ती कन्येचा व विधवेचा हक्क न्यायालयात क्वचितच बुडतो. तो बहुधा घरात, शोकाच्या दिवसांत, अज्ञानामुळे सुटतो. आणि त्या दिवसांत घरात धर्मगुरू व धर्मशिक्षक उपस्थित असतात. म्हणून या कायद्याची मूलतत्त्वे त्यांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

१. कोणता कायदा लागू आहे?

धर्मांतरित कुटुंबाने वारशाच्या बाबतीत कोणता नियम पाळावा, हा प्रश्न गेल्या शतकाच्याही पूर्वीचा आहे. बल्लारी येथील एका ख्रिस्ती कुटुंबाच्या वादात (अब्राहम विरुद्ध अब्राहम, १८६३) प्रिव्ही कौन्सिलने असे ठरविले की, ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास जुनी रूढी टाकण्याची अथवा चालू ठेवण्याची मुभा आहे. दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, भारतीय उत्तराधिकार अधिनियम आला आणि ही निवड संपुष्टात आली. आज १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू आहे. गोव्याची व्यवस्था निराळी आहे. तिचा विचार पुढे केला आहे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. आजूबाजूच्या समाजातील एकत्र कुटुंबाच्या कल्पना आपल्याकडेही रूढ आहेत. परंतु ख्रिस्ती पुत्रास पित्याच्या मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा नाही. पिता हयात असेपर्यंत तोच मालक होय. म्हणून ‘वडिलोपार्जित घर मुलांचे, मुलींचे नव्हे’ या बोलण्यास आपल्या कायद्यात आधार नाही.

२. वाटे कसे पडतात?

मृत्युपत्र न करता पुरुष मरण पावला व त्यास पत्नी आणि मुले असली, तर पत्नीस एक तृतीयांश व मुलांस मिळून दोन तृतीयांश वाटा मिळतो. मुलांमध्ये पुत्र व कन्या, विवाहित व अविवाहित असा भेद नाही. समजा, मालमत्ता नऊ लाख रुपयांची असून मागे विधवा, दोन पुत्र व एक कन्या आहेत. विधवेस तीन लाख आणि प्रत्येक अपत्यास दोन लाख मिळतील. एखादे अपत्य आधीच मृत झाले असेल, तर त्याचा वाटा त्याच्या मुलांकडे जातो. वंशज नसून इतर रक्ताचे नातेवाईक असतील, तर विधवेस अर्धी मालमत्ता मिळते. नातेवाईकही नसतील, तर संपूर्ण मिळते. पत्नीच्या मालमत्तेत विधुरासही असेच वाटे आहेत. विधवेचा वाटा केवळ पोटगी नव्हे. ती त्याची पूर्ण मालक असते आणि पुढे पुनर्विवाह केल्याने तो परत जात नाही.

या कायद्यात उणीवही आहे. मृताची मुले हयात असतील, तर त्याच्या वृद्ध आईवडिलांस काहीही वाटा नाही. पुत्रावर अवलंबून असलेल्या मातेची सोय मृत्युपत्रानेच होऊ शकते.

३. केरळातील निवाडा

समान वाट्याचा हा नियम सर्वत्र सहजासहजी आला नाही. जुन्या त्रावणकोर संस्थानातील १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्याप्रमाणे कन्येस पुत्राच्या वाट्याचा एक चतुर्थांश अथवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. विधवेचा हक्क तिच्या मृत्यूने वा पुनर्विवाहाने संपे. कोट्टयमच्या शिक्षणकार्यकर्त्या मेरी रॉय यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, १ एप्रिल १९५१ पासूनच तेथे भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू झाला असून संस्थानी कायदा उरलेला नाही. म्हणजे पस्तीस वर्षे कन्यांचा हक्क कायद्यात होता, परंतु व्यवहारात त्यांच्या हाती आला नव्हता. आपण बोध घ्यावा तो येथेच.

४. मृत्युपत्रासंबंधी सावधगिरी

ख्रिस्ती मनुष्य आपली संपूर्ण मालमत्ता मृत्युपत्राने कोणासही देऊ शकतो. म्हणूनच मृत्युपत्राने अनाथ नातवाची सोय होते, तशीच कन्या वगळलीही जाते. सल्ला देणाऱ्याने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(अ) मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही व किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, तथापि हितकर आहे.

(आ) साक्षीदारास, अथवा त्याच्या पत्नीस वा पतीस, त्याच मृत्युपत्रात दिलेली देणगी रद्द ठरते. ज्या धर्मगुरूंस काही दिले जात असेल त्यांनी साक्ष घालू नये.

(इ) विवाह होताच करणाऱ्याचे पूर्वीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. विधुर अथवा विधवेचा पुनर्विवाह लावताना ही गोष्ट त्यांच्या कानावर घालावी. नाहीतर पहिल्या विवाहाच्या मुलांसाठी केलेली तजवीज नकळत नाहीशी होते.

(ई) जवळचे नातेवाईक असता धार्मिक वा धर्मादाय कार्यास मृत्युपत्राने दान देण्यावर कलम ११८ ने कडक अटी होत्या. एका धर्मगुरूंच्याच अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरविले. दानाची वाट मोकळी झाली. परंतु मरणोन्मुख मनुष्याकडून दान घेताना त्याच्या घरच्यांचा विचार करण्याची नैतिक जबाबदारी आता आपल्यावरच आली आहे.

५. गोव्याची व्यवस्था

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली आहे. तेथील वारशाचे नियम आता २०१२ च्या गोवा अधिनियमात असून तो २०१६ मध्ये अमलात आला. विवाहापूर्वी निराळा करार नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते. म्हणून हयात जोडीदार आपल्या अर्ध्या भागाचा वारस नसून मालकच असतो. मृताच्या भागापैकी अर्धा मुलांसाठी राखीव असतो. मृत्युपत्राने तो सामान्यतः हिरावता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, गोव्याचे अधिवासी असलेल्यांच्या गोव्याबाहेर भारतात असलेल्या मालमत्तेसही हेच नियम लागतात. तेव्हा बेळगाव वा अन्यत्र घर घेतलेल्या गोमंतकीय कुटुंबाने प्रथम आपला अधिवास कोणता, हे वकिलाकडून निश्चित करून घ्यावे.

६. हक्क कोठे सुटतो?

‘लग्नात दिले, तोच तिचा वाटा’ असे म्हणतात. कायदा तसे मानीत नाही. पिता हयात असता कन्येने ‘मला काही नको’ असे लिहून दिले, तरी केवळ तेवढ्याने तिचा हक्क जात नाही, कारण वारशाची नुसती आशा हस्तांतरित करता येत नाही. मोबदला घेतला असेल, तर मात्र वकिलास विचारावे. पित्याच्या मृत्यूनंतर ती हक्क सोडू शकते. स्थावर मालमत्तेचे असे हक्कसोडपत्र नोंदवावे लागते. उताऱ्यावर केवळ भावांची नावे लागली म्हणून तिची मालकी संपत नाही; महसुली नोंद ही मालकीचे मूळ नव्हे. परंतु एकदा समजून-उमजून सही झाली, की ती मागे घेणे कठीण जाते.

म्हणून शोकाच्या घरी कोणी कागद पुढे केला, तर ‘घाई नको’ एवढे सांगण्याचे धैर्य आपल्या अंगी असावे. कागद वाचून दाखवावा, वाटे समजावून सांगावेत, आणि सही करणारीस विचार करण्यास अवधी मिळवून द्यावा. भगिनीने समजून, स्वेच्छेने आपला वाटा भावास दिला, तर ते दान होय. न कळता दिला, तर ती हानी होय. मोशेने त्या पाच कन्यांचे म्हणणे प्रथम ऐकून घेतले व मगच न्याय मागितला. आपले काम ऐकून घेण्यापासूनच सुरू होते.