सामरीच्या दारात रामा शेट्टी

सामरी या सैतानाचं मुंडकं पेटीत बंद असतं तोवर रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ हा उत्तम भयपट आहे. मुंडकं धडाला जाऊन मिळालं की तो नुसता रामसेपट होतो. वर्षानुवर्षं हा सिनेमा पुन:पुन्हा पाहून माझं हे मत पक्कं झालंय. तो आवडतो म्हणून त्याला सूट द्यायची माझी तयारी नाही.

कथा सांगत बसत नाही. सामरीने राजाला दिलेला शाप, कुळातल्या बायकांचा बाळंतपणात होणारा भेसूर अंत, त्रिशूळ, मशाली घेतलेलं गाव हे सगळ्यांना पाठ आहे. मला जास्त रस आहे तो एका पुस्तकात. कराचीतलं रेडिओचं दुकान फाळणीत सोडून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आलेले एफ. यू. रामसे पुढे सिनेमात उतरले. आपल्या सात मुलांना त्यांनी काश्मीरमध्ये एका हाउसबोटीवर नेऊन बसवलं आणि हातात जोसेफ मॅसेली यांचं ‘द फाइव्ह सीज ऑफ सिनेमॅटोग्राफी’ दिलं. कॅमेऱ्याचा कोन, सलगता, संकलन, क्लोज-अप आणि चौकटीची मांडणी हे त्यातले पाच धडे. कुमारने लिहायचं, गंगूने कॅमेरा धरायचा, किरणने ध्वनी, अर्जुनने संकलन, तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन, केशूने उरलेली जुळवाजुळव. सिनेमाची आख्खी शाळा एका घरात!

१९८४चा ‘पुराना मंदिर’ या पाच धड्यांवर तपासावा. कोन आणि मांडणी यांत पोरं पहिल्या वर्गात पास. निळा उजेड, धूर, खालून टाकलेला दिवा, आणि सामरी झालेल्या अजय अगरवाल यांचा चेहरा. रुडकीला इंजिनिअरिंग शिकलेल्या या धिप्पाड माणसाचं खरं नाव अनिरुद्ध. त्या चेहऱ्याला रबराची गरजच नव्हती. संकलनात मात्र दांडी उडते. भीती जरा कुठे चढते न चढते, तोच जगदीपचा ‘शोले’च्या विडंबनाचा तमाशा मध्ये घुसतो. तिकीटबारीचा हिशेब असेल, पण त्यात सिनेमाचा जीव जातो.

आणि आवाज! पार्श्वसंगीत एक क्षण गप्प बसत नाही. इथे मला मासाकी कोबायाशींचा ‘क्वायदान’ (१९६४) आठवतो. पहिल्या कथेत बायकोला टाकून गेलेला सामुराई परत येतो आणि सकाळी त्याला शेजारी काय दिसतं, ते पाहून तो सैरावैरा पळतो. त्या पळापळीत संगीतकार तोरू ताकेमित्सू यांनी आवाज दृश्यापासून तोडलेत. पायाखालची फळी मोडते ती मुकी, आणि लाकूड फुटल्याचा आवाज येतो तो भलत्याच वेळी. ‘क्वायदान’ही निर्दोष नाही. तीन तासांचा पसारा, चारही कथा एकाच संथ चालीच्या, रंगवलेलं आभाळ कधीकधी कथेपेक्षा जास्त भाव खातं. पण शांततेची किंमत त्याला कळते.

नगरकर म्हणून माझं खरं भांडण वेगळंच आहे. ‘पुराना मंदिर’मध्ये आमचे तात्या, सदाशिव अमरापूरकर आहेत. आदल्याच वर्षी गोविंद निहलानींच्या ‘अर्धसत्य’मध्ये त्यांनी रामा शेट्टी केला होता. बसल्या जागेवरून, आवाज न चढवता, समोरच्या इन्स्पेक्टरची हवा काढून घेणारा. त्या कामाला सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. म्हणजे नुसत्या बोलण्याच्या लयीवर माणसाला घाम फोडणारा नट रामसेंच्या हाती होता, आणि त्यांनी त्याला दिलं काय, तर एक दुय्यम काम. क्लोज-अपचा धडा हाउसबोटीवर कुणी वाचलाच नसावा!

रामसेंचा बचाव मला ठाऊक आहे. त्यांच्याकडे पैसा थोडा, दिवस थोडे. ‘दो गज जमीन के नीचे’ तर त्यांनी महाबळेश्वरला बिऱ्हाड थाटून उरकला होता. पण तात्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा आणखी अर्धं मिनिट ठेवायला पैसा लागत नव्हता. १९९१मध्ये महेश भट्ट यांनी ‘सडक’मध्ये तो ठेवला आणि तात्यांच्या महाराणीने सर्वोत्कृष्ट खलनायकाचं पहिलंवहिलं फिल्मफेअर नेलं. रामसेंच्या सेटवर हा माणूस त्याच्या सात वर्षं आधीच येऊन गेला होता.