जुन्या स्पोर्ट्‌स कारचा सायलेन्सर : आवाज नको, आकडा दाखवा

मोटार गॅरेजचा धंदा आपल्या बिरादरीत बाप-बेट्यापासून चालत आला आहे. मुंबईत कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड घ्या की चोरबाजारातली मटन स्ट्रीट घ्या. जुने पार्ट, डेंटिंग, वेल्डिंग आणि सायलेन्सरच्या कामात आपले कारागीर मोठ्या संख्येने आहेत. आमचा स्वतःचा धंदा कापडाचा. तरी आज या पानावर सायलेन्सरविषयी लिहीत आहोत, कारण २०२३ साली आमच्या भाच्याच्या गॅरेजात जे घडले त्यात प्रत्येक कारागिराला धडा आहे.

भाच्याकडे एका शेठची १९६९ सालची एम.जी.बी. गाडी आली. ही इंग्लंडची दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार. १९६२ ते १९८० पर्यंत ती बनत होती. इंजिन १७९८ सीसीचे, चार सिलिंडरचे, त्यावर दोन एस.यू. कार्बोरेटर. मूळचा लोखंडी सायलेन्सर गंजून चाळणी झाला होता. शेठची फर्माईश अशी की, नवा पाइप असा बसवा की गाडी गल्लीत शिरली तर लोकांनी खिडक्या उघडाव्यात.

भाच्याने मधला सायलेन्सर काढून टाकला, जाड पाइप सरळ मागे नेला आणि शेवटी एक चमकता डबा लावला. पी.यू.सी.चे सर्टिफिकेट एका सेंटरवाल्याने पाइपात नळी न घालताच दिले. आम्ही हटकले तेव्हा भाचा म्हणाला, "मामू, गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं. आपलं काय जातं?"

काय जाते ते पंधरा दिवसांत कळले. ट्रॅफिक पोलिसांनी गाडी अडवली, दंड केला, मूळ सायलेन्सर लावून दाखवा म्हणाले. शेठने सारा दोष कारागिरावर टाकला, मजुरीचे उरलेले पैसे दिले नाहीत आणि चार जणांत गॅरेजचे नाव खराब केले, ते वेगळेच.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेपेक्षा वेगळा बदल मालकाला मनाने करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ च्या निकालात हेच बजावले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. आवाज व धूर यांचे नियम मोडले तर कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, लायसनही तीन महिने जाते. बुलेटच्या बदललेल्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिलीच आहेत.

म्हणून सायलेन्सर बदलताच येत नाही असे नव्हे. गंजलेल्या भागाच्या जागी त्याच कामाचा चांगला भाग घालणे ही दुरुस्ती होय. आवाज दाबणारा डबा काढून टाकणे हा फेरबदल होय. या दोहोंतला फरक ओळखणे यातच कारागिराची रोटी आहे.

धुराची मर्यादाही ठरलेली आहे. भारत स्टेज २ च्या आधीच्या पेट्रोल मोटारींना, गाडी आयडलवर असताना, कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पी.पी.एम. यापेक्षा जास्त चालत नाही. भारत स्टेज २ आणि ३ च्या गाड्यांना हीच हद्द ०.५ टक्के आणि ७५० आहे. म्हणजे जुन्या गाडीला सरकारने सवलत दिली आहे, पण माफी दिलेली नाही.

पाइप धूर करत नाही

भाच्याने शेवटी दुसऱ्या सेंटरवर नळी घालून खरी तपासणी केली. कार्बन मोनॉक्साइड पाच टक्क्यांच्या वर निघाला. इथे बहुतेक कारागीर चुकतात. ते पाइपाकडे बघतात. धूर पाइपात तयार होत नाही, तो इंजिनात तयार होतो. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो. प्लग चुकत असेल, टायमिंग हललेले असेल, टॅपेट घट्ट असतील किंवा रिंगा झिजून ऑइल जळत असेल तर हायड्रोकार्बन वाढतो. म्हणून आधी इंजिन, मग पाइप.

भाच्याच्या उस्तादांनी काम पुन्हा मुळापासून घेतले. प्लग, पॉइंट, टायमिंग, टॅपेट दुरुस्त केले. रबराची नळी कानाला लावून दोन्ही कार्बोरेटरची हवा सारखी केली. या गाडीच्या एस.यू. कार्बोरेटरमध्ये जेटखाली एक नट असतो. तो वर फिरवला की मिश्रण पातळ होते, खाली फिरवला की घट्ट. सहाव्या भागाएवढा फिरवायचा, थांबायचे, आकडा बघायचा. अखेर आकडा तीनच्या बराच खाली आला.

मगच पाइप केला. मॅनिफोल्ड मूळचाच ठेवला. मधला आणि मागचा असे दोन्ही डबे स्टेनलेस स्टीलमध्ये मूळच्या मापाचे बनवले. साध्या लोखंडाचा सायलेन्सर आतून सडतो. जळालेल्या पेट्रोलमधून पाण्याची वाफ निघते. गाडी जवळच्या जवळ चालली की पाइप पुरेसा तापत नाही, ते पाणी डब्यात साचते आणि गंज धरते. महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीला स्टेनलेसच परवडतो. वळणे मँड्रेल घालून घेतली, म्हणजे पाइप वळणावर चेपत नाही. जोड आरगॉनने मारले. ही गाडी जमिनीला फार जवळ असल्याने पाइप पोटाशी घट्ट घेतला, नाहीतर पहिल्याच स्पीडब्रेकरवर डबा फुटता.

जाड पाइप म्हणजे जास्त ताकद, हाही एक गैरसमज आहे. फार जाड पाइपात वायूचा वेग मंदावतो आणि खालच्या फेऱ्यांवर गाडीचा दम जातो. पाइप मोकळा केला तर मिश्रणही बदलते, म्हणून नवा पाइप बसवल्यावर आकडा पुन्हा घ्यावाच लागतो.

आणखी एक गोष्ट इमानाची. जोडाला फट असेल तर पाइप बाहेरची हवा आत ओढतो, धुरात ती मिसळते आणि आकडा खोटा कमी दिसतो. काही जण मुद्दाम अशी फट ठेवतात. चार वायू मोजणाऱ्या यंत्रात ऑक्सिजन वाढलेला दिसून ही लबाडी उघडी पडते. यंत्रात नाही पडली तरी मापात मारलेली काठी ती काठीच.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवावा काय?

गिऱ्हाईक हा प्रश्न हमखास विचारते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्यासाठीच बिनशिशाचे पेट्रोल आले, कारण शिशाने कन्व्हर्टर निकामी होतो. फेब्रुवारी २००० पासून शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले. पण तीन वायू साफ करणाऱ्या कन्व्हर्टरला एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा असे नेमके मिश्रण लागते. ते ऑक्सिजन सेन्सर आणि इंजेक्शनच सांभाळू शकते. साध्या कार्बोरेटरच्या गाडीला तो नुसता जोडला तर पूर्ण काम देत नाही, आणि जास्त पेट्रोल आले तर तापून जळतो. म्हणून १९६९ च्या गाडीला त्याची सक्ती नाही, गरजही नाही. ज्या गाडीला कंपनीने तो दिलेला आहे, तिचा मात्र कोणत्याही फर्माईशीवर काढू नये.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, हेही लक्षात ठेवावे. त्याने जुन्या गाडीचे मिश्रण पातळ होते आणि जुने रबर खराब होते. नळ्या बदलल्याशिवाय ट्यूनिंग करू नये.

जुनेपणाची किंमत

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आहे. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर येते. मुख्य अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी; चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. खुद्द इंग्लंडातही १ ऑगस्ट १९७५ पूर्वीच्या मोटारींचा धूर तपासणीत फक्त डोळ्यांनी पाहतात, आणि २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीच माफ आहे. पण तीही मोठा फेरबदल नसेल तरच. सवलत मूळपणाला आहे, हौसेला नाही.

यात आपल्या कारागिरांचा फायदा आहे. मूळ मापाचा, शांत आणि टिकाऊ सायलेन्सर हाताने बनवणारा माणूस अशा गाड्यांच्या मालकांना शोधावा लागतो. तो आपल्या गल्लीत आहे. फक्त त्याच्या कामाचा कागद नाही. म्हणून आमच्या चार सूचना :

१. काम हाती घेण्यापूर्वी आणि संपल्यावर धुराचा आकडा घ्यावा, दोन्ही पावत्या बिलाला जोडाव्यात.

२. जुना भाग भंगारात न देता गिऱ्हाइकाच्या हवाली करावा. पुढचा भाग त्याच मापाने बनतो.

३. कोणते पत्रे, कोणता पाइप वापरला ते बिलात लिहावे. मालातला ऐब लपवू नये, हा आपल्या शरीअतचा दंडक आहे. तो कापडाला लागू आहे तसा सायलेन्सरलाही आहे.

४. बेकायदा फर्माईश आली तर नम्रपणे नाही म्हणावे.

चौथी सूचना कठीण आहे, हे आम्ही जाणतो. महिनाअखेरीला भाडे, पोरांची मजुरी, शाळेची फी सगळे एकदम उभे राहते आणि गिऱ्हाईक रोख मोजून देत असते. पण आमच्या भाच्याने ते रोख घेऊन पाहिले आहे. त्यात बरकत नव्हती. दुसऱ्या वेळचे काम त्याने स्वतःच्या खर्चाने करून दिले आणि दोन्ही आकडे शेठच्या हातात ठेवले. शेठने उरलेली मजुरी दिली. त्यानंतर त्यांनीच आपल्या दोस्ताची जुनी गाडी या गॅरेजात पाठवली, आणि या वेळी आवाजाची फर्माईश नव्हती.